उभ्या गाडीचा हिशेब

मनुष्याने एखादे कृत्य केले आणि त्यातून अनिष्ट घडले, तर जबाबदारी कोणाची हे ठरविणे फारसे अवघड नसते. परंतु त्याने काहीच केले नाही, आणि त्या न करण्यातूनच अनिष्ट घडले, तर दोष कोणाच्या पदरी घालावा? सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्ही शिकलो, त्यावर परीक्षाही दिली. पुढे अनेक वर्षांनी तोच प्रश्न मोटारगाडीच्या बॅटरीचे रूप घेऊन आमच्यापुढे उभा राहील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

पुणे-सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यात, कुरकुंभ हे गाव आहे. जुन्या पिढीला ते फिरंगाई देवीच्या देवळामुळे ठाऊक. नव्या पिढीला रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे. दौंडचे रेल्वे जंक्शन तेथून दहाएक किलोमीटरवर. कारखान्यांच्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, कोठून कोठून माणसे या परिसरात आली आणि येथेच घरे बांधून राहिली. अशाच एका घरातील गृहस्थ आमच्या परिचयाचे. आयुष्यभर पाळीपाळीने काम करून ते निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी एक लहान मोटार घेतली. रोजच्या कामाला दुचाकी होती. मोटार निघे ती वर्षातून चार-पाच वेळा: हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला, नाताळात, आणि पुण्याला लेकीकडे जाताना. एरवी ती दारात, जाड कापडाच्या आच्छादनाखाली उभी असे. गृहस्थ तिच्यावर धूळ बसू देत नसत. “घरात गाडी आहे, म्हणजे अडीअडचणीला आधार आहे,” असे ते म्हणत, आणि आळीतले लोकही तसेच समजत.

एका उन्हाळ्यात, मध्यरात्रीनंतर, शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या छातीत कळा येऊ लागल्या. रुग्णवाहिकेची वाट कशाला पाहायची, दारात गाडी आहेच, म्हणून मुलगा धावत आला. आच्छादन काढले, आजारी माणसाला मागच्या आसनावर निजविले, किल्ली फिरविली. टक् टक् असा आवाज झाला. दुसऱ्या वेळी तोही झाला नाही. आळीतल्या पोरांनी महामार्गापर्यंत धक्का मारला, तरी इंजिन लागले नाही. शेवटी धाब्याजवळ उभ्या असलेल्या एका टेम्पोवाल्याला उठवून रुग्णाला दौंडला नेले. या सगळ्यात पाऊण तास गेला. दोन दिवसांनी ते वृद्ध वारले. तो पाऊण तास हाती असता तर ते वाचले असते काय, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

काही दिवसांनी गाडीचे मालक आमच्याकडे आले. पुढचे संभाषण पापनिवेदनात झालेले नाही; अंगणात, चार माणसांदेखत झाले आहे, आणि त्यांच्या संमतीनेच येथे लिहीत आहोत. ते म्हणाले, “फादर, गाडी माझी, दारात उभी. मी काही वाईट केलं नाही. पण खरं सांगायचं तर मी काहीच केलं नाही. यात माझं पाप आहे का?”

आम्ही चटकन म्हणालो, “यंत्राचा काय भरवसा? त्यात तुमचा काय दोष!” त्यांनी मान हलविली आणि ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्यावरून आमच्या ध्यानात आले, की आम्ही प्रश्नाला उत्तर दिले नव्हते, प्रश्न मिटवून टाकला होता. ज्या यंत्रावर आम्ही दोष ढकलला, ते यंत्र कसे चालते हे तरी आम्हाला कोठे ठाऊक होते? म्हणून प्रथम तेच समजून घ्यावे, असे ठरविले आणि ओळखीच्या एका मेकॅनिककडे जाऊन बसलो.

मोटारीची बॅटरी म्हणजे शिसे आणि गंधकाम्ल यांचा संसार. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ती प्रथम सिद्ध केली. आजच्या बॅटरीत अनेक सुधारणा झाल्या असल्या तरी मूळ तत्त्व तेच आहे. सहा कप्पे, प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक, मिळून बारा व्होल्टांची बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविले तर ती अर्धी रिकामी झाली असे समजावे. बाराच्या खाली गेली तर तिच्यावर विसंबू नये. बारा पूर्णांक सहा आणि बारा, हा फरक कागदावर किती क्षुल्लक! पण भरलेपणा आणि रितेपण यांच्यात एवढेच अंतर आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

मेकॅनिकने आम्हाला जे सांगितले त्यातील पहिलीच गोष्ट आम्हाला चकित करणारी होती. आमची समजूत अशी, की गाडी बंद केली म्हणजे बॅटरी विश्रांती घेते. वस्तुतः तसे नाही. आधुनिक गाडी कधीच पूर्ण झोपत नाही. घड्याळ चालू असते, चोरीची सूचना देणारे यंत्र जागे असते, इंजिनावर देखरेख ठेवणाऱ्या संगणकाची स्मृती शाबूत ठेवावी लागते. या सगळ्यांना मिळून साधारण तीस मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतील तीन भाग, इतका प्रवाह लागतो असे धरू. दिवसाला होतात ०.७२ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची असते. वाचकांनी स्वतःच भागाकार करून पाहावा. चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी ती अर्ध्यावर येते आणि पन्नास दिवसांच्या आत संपूर्ण रिती होते. त्याखेरीज बॅटरी काहीही न करता आतल्या आत थोडी थोडी झिजतच असते, आणि उष्णतेने ही झीज वाढते. दौंडकडच्या मे महिन्याचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला याहून अधिक सांगणे नको.

त्या गृहस्थांच्या गाडीत काचेआड एक लाल दिवा रात्रंदिवस लुकलुकत असे. तो पाहून त्यांना बरे वाटे. गाडी राखणीवर आहे, असे वाटे. ती राखण फुकट नव्हती. तिचा खर्च त्याच बॅटरीतून, थेंबाथेंबाने, चालला होता.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. रिती झालेली बॅटरी पुन्हा भरता येते, हे खरे. परंतु ती बराच काळ रिती राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे जे कण साचतात ते हळूहळू कठीण स्फटिक होतात. मग कितीही वीज दिली तरी ते पुरते विरघळत नाहीत आणि बॅटरीची साठविण्याची शक्तीच कायमची उणी होते. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीची बॅटरी काही वर्षे निमूट चालते, आणि जपून ठेवलेल्या गाडीची दीड-दोन वर्षांत निकामी होऊ शकते. एक वापराने झिजते. दुसरी जपण्याने मरते.

पूर्वी असे घडले तर निदान उपाय हाताशी असे. आमच्या तरुणपणी जीपला आणि अँबॅसिडरला पुढून हँडल मारता येई. इंजिन विजेच्या मोटरने सुरू करण्याची सोय १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आली. ती चार्ल्स केटरिंग यांची करामत. तिने हँडलचे कष्ट आणि त्याच्या उलट फटक्याने हात मोडण्याचे भय दूर केले. पुढे हँडल नाहीसेच झाले. आजच्या गाडीत इंधन पोहोचविणारा पंपही विजेवर आणि इंजिनाचे तंत्रही विजेवर. म्हणून बॅटरी साफ मेली असेल तर धक्क्यानेही उपयोग होत नाही. त्या रात्री पोरांनी मारलेला धक्का व्यर्थ गेला तो यामुळे. सोय वाढली, तशी एकाच लहानशा पेटीवरची भिस्तही वाढली.

२०२० च्या मार्चमध्ये हा अनुभव साऱ्या देशाने घेतला. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली आणि लक्षावधी गाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे निर्बंध सैल झाल्यावर लोकांनी किल्ल्या फिरविल्या तेव्हा पुष्कळ गाड्यांनी उत्तर दिले नाही. गॅरेजवाल्यांना त्या दिवसांत बॅटऱ्यांपासून उसंत नव्हती. त्या वेळी आम्ही विनोदाने म्हणत असू, की माणसांप्रमाणे गाड्यांनाही एकटेपण सोसले नाही. तो विनोद कितपत विनोद होता, याचा विचार तेव्हा केला नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात एक प्रश्न उपस्थित केला आहे: एखादा चांगला गुण, अंगवळणी पडलेली एखादी चांगली सवय, केवळ आचरण थांबल्यामुळे उणी होते काय? आक्षेप साधा आहे. न करणे म्हणजे काहीच नाही. आणि काहीच नाही त्याने एखाद्या गोष्टीचा नाश कसा होईल? थॉमस यांचे उत्तर मार्मिक आहे. न करणे हे स्वतः नाश करीत नाही. पण जे नाश करू पाहत असते, त्याला रोखणारे काही उरत नाही. मनुष्याच्या अंतरंगात विरोधी वृत्ती सतत काम करीत असतात. सत्कृत्याचा सराव त्यांना आवर घालतो. सराव थांबला, की कोणी हल्ला न करताही गड पडतो. मैत्रीचे उदाहरणही ते अ‍ॅरिस्टॉटलकडून घेतात: पुष्कळ मैत्र्या भांडणाने तुटत नाहीत, भेटगाठ आणि बोलणे थांबल्याने विरून जातात.

आम्ही हे प्रकरण विद्यार्थिदशेत वाचले होते. ते समजले मात्र गॅरेजमध्ये, तेलकट बाकावर बसून.

यावर कोणी म्हणेल, की मग तात्पर्य सरळ आहे: वापरा, नाहीतर गमवाल. आम्हाला ते इतके सरळ वाटत नाही. विनाकारण पेट्रोल जाळीत हिंडणे हा काही सद्गुण नव्हे. शिवाय विश्रांती ही वाईट गोष्ट आहे, असेही बॅटरी शिकवीत नाही. गाडी दोन महिने लागणारच नसेल, तर बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, पण गळती थांबेल. आतली झीज तेवढी उरेल, आणि ती फार मंद असते. म्हणजे घात करते ती विश्रांती नव्हे. अर्धवट विश्रांती घात करते. बाहेरून सारे स्तब्ध आणि आतून दहा लहानसहान गळत्या चालू, ही ती अवस्था. आपल्यापैकी किती जणांचा रविवार असा जातो, हे ज्याने त्याने पाहावे.

तसेच, नुसत्या देखाव्यानेही भागत नाही. काही मंडळी आठवड्यातून एकदा दारातच इंजिन सुरू करतात, पाच मिनिटे घुरघुरू देतात आणि कर्तव्य झाले असे समजून बंद करतात. इंजिन सुरू करताना बॅटरीतून काही क्षण शंभर-दोनशे अँपिअरचा लोट जातो. पाच मिनिटांत कदाचित तेवढे भरून निघेल. पण आठवड्याची तूट तशीच राहते, आणि दिवे व पंखा चालू असेल तर तीत भरच पडते. गाडीला रस्त्यावर न्यावे लागते, अर्धा-पाऊण तास बऱ्या वेगाने चालवावे लागते, तेव्हा कोठे बॅटरीच्या पोटात काही पडते. गावाकडच्या आईला दर रविवारी फोन करून “बरी आहेस ना?” एवढे विचारणारे आणि तिचे उत्तर पुरे ऐकण्याआधी फोन ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. तेही पाच मिनिटांचे इंजिनच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या गृहस्थांची गाडी त्यांच्या मालकीची होती. ती चालवावी की उभी ठेवावी, हा त्यांचा अधिकार नव्हे काय? येथेही थॉमस यांनी एक भेद केला आहे आणि तो आम्हाला मोलाचा वाटतो. वस्तू मिळविणे आणि तिची व्यवस्था पाहणे हे एकेकाच्या हाती असावे, हे योग्यच आहे. कारण जे सर्वांचे असते त्याची निगा कोणीच राखीत नाही. परंतु उपयोगाच्या बाबतीत मनुष्याने आपली वस्तू केवळ आपली मानू नये. दुसऱ्याच्या गरजेला ती सहज पुढे करावी. म्हणजे मालकी ही मूलतः निगा राखण्याची जबाबदारी आहे. त्या गृहस्थांचे मन उदार होते. गाडी देण्यास त्यांनी क्षणाचाही विलंब केला नाही. परंतु जी वस्तू द्यायची ती देण्याजोगी ठेवणे, हाही दातृत्वाचाच भाग आहे, हे ध्यानी आले नव्हते. इच्छा होती, सिद्धता नव्हती. आणि आळीतल्या लोकांनी त्या गाडीवर विसंबून दुसरी तजवीज केली नव्हती. घरात गाडी आहे असे आपण चारचौघांत सांगतो, तेव्हा नकळत एक वचन देत असतो.

मग त्यांचे पाप झाले काय? धर्मशास्त्राचा निकष स्पष्ट आहे. दोष घडण्यास जाणीव लागते आणि संमती लागते. बंद गाडीतही वीज गळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना कोणी सांगितले नव्हते. गाडीबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती. त्यांनी जाणूनबुजून हयगय केली नाही. म्हणून आम्ही त्यांना पुन्हा भेटून सांगितले, की तुमच्यावर पापाचा भार नाही. मात्र पहिल्या वेळी आम्ही यंत्राला दोष देऊन मोकळे झालो होतो, तेही खरे नव्हते. यंत्राने त्याच्या नियमाप्रमाणेच काम केले. तुम्हाला जे दुःख होत आहे ते अपराध्याचे दुःख नव्हे. जबाबदारी ओळखलेल्या माणसाचे दुःख आहे. ते पुसून टाकण्याची घाई करू नका. शेजारच्या घरी जा, त्या मुलाशी बोला, गाडी दुरुस्त करा. त्यांनी तसे केले. त्या मुलाने त्यांना काय उत्तर दिले, हे त्या दोघांतच राहू द्यावे.

नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एक, जे दूर करणे माणसाच्या हाती नसते. दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर करता आले असते. पहिले दोषमुक्त करते. दुसरे नेहमीच करीत नाही. म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी मेकॅनिकने सांगितलेले चार शब्द येथे लिहून ठेवतो.

आठवड्यातून एकदा, निदान पंधरा दिवसांतून एकदा, गाडी रस्त्यावर काढून अर्धा-पाऊण तास चालवावी; बाजारहाट, आजाऱ्याची भेट, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बँकेत नेणे, असे काम त्याच फेरीत साधावे. बंदिस्त जागेत इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्या धुराने माणूस दगावतो. बराच काळ गाडी लागणार नसेल तर ऋण तार सोडवावी. सोडविताना ऋण तार आधी, जोडताना ती शेवटी. नाहीतर धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणगी उडते. वीज हाताशी असेल तर बॅटरी भरली की आपोआप थांबणारा चार्जर मिळतो, तो अधूनमधून लावावा. मात्र हवा खेळती हवी आणि जवळ विस्तव नको, कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे नव्हे. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी पुसून थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की दरवर्षी उन्हाळ्याआधी तपासून घ्यावी. गाडीत जंपर केबल ठेवावी. दुसऱ्या गाडीची मदत घेताना धन टोक धन टोकाला जोडावे. पण ऋण तारेचे शेवटचे टोक मेलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. आणि यांपैकी काहीच जमणार नसेल, तर गाडी विकून टाकावी किंवा ती वापरील अशा कोणाला द्यावी. तसे झाले तर आळीतले लोक निदान खोट्या आधारावर विसंबणार नाहीत.

हा लेख लिहिण्याआधी आम्ही आमच्याच आवारातील जीपची बॅटरी तपासून घेतली. मीटरने ११.९ दाखविले. म्हणजे ज्या गृहस्थांना आम्ही उपदेश केला, त्यांच्याहून आमची स्थिती काही निराळी नव्हती; केवळ आमच्या दारी त्या रात्री कोणी आले नव्हते.

वाचकहो, त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते, म्हणून ते सुटले. आम्हाला आता ठाऊक आहे. आणि येथपर्यंत वाचत आला असाल, तर तुम्हालाही.